काळीज कुणापायी फुगलं

आषाढ लागला की आमच्या गल्लीत गाद्या येऊ लागतात. ऑटोच्या टपावर, स्कूटीच्या मागच्या सीटवर, एखाद्या बापाच्या डोक्यावर, गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या गाद्या. मागोमाग बादली, मच्छरदाणी, स्टीलचा डबा आणि सोळा-सतरा वर्षांचं एक गप्प लेकरू. नांदेडचा आमचा भाग आता सगळा क्लासेसचा झाला आहे. दर घराच्या वरच्या मजल्यावर कुणाचं तरी लेकरू डॉक्टर व्हायला आलेलं असतं. याच दिवसांत गोदावरीला गढूळ पाणी येतं, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी येते, घरोघर आखाड तळतात, गव्हाच्या पिठाच्या गोड कापण्या. कापण्यांचा गूळकट वास आणि नव्या गादीतल्या कापसाचा वास एकमेकांत मिसळला की माझ्या हातातला झारा थांबतो. ओळखीच्या बायकांना वाटतं, मला सरांचं दुखणं आठवलं असेल. तेही आठवतंच. पण त्याच्या आधी आठवतो तो मत्सर.

सर म्हणजे माझे पती. गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. शाळेतली पोरं, शेजारीपाजारी, दूधवाला, सगळे त्यांना सर म्हणतात, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मीही. मी त्यांची दुसरी बायको. पहिली सुमन. किल्लारीच्या भूकंपात ती गेली. सरांचं गाव त्याच पट्ट्यातलं, दगडमातीच्या जाड भिंतींचं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा. विसर्जनाच्या रात्री सर लातूरला राहिले होते, म्हणून वाचले. पुढं त्यांनी बदली मागून घेतली, नांदेडला आले आणि नातेवाइकांनी त्यांचं लग्न लावून दिलं. त्या दिवसांत अशी लग्नं फार झाली. मी अर्धापूरची, केळीच्या बागायतीतल्या घरातली. माणूस शांत आहे, एवढंच माझ्या वडिलांनी पाहिलं होतं.

लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर सवतीचा टाक घातला. गेलेल्या बायकोची खूण म्हणून दुसरीनं घालायचा तो चांदीचा छोटा पत्रा, त्यावर एक बाई उमटवलेली. सोनारानं सगळ्यांसाठी एकच ठसा वापरला असावा. गोल तोंड, डोळ्यांचे दोन ठिपके. सुमनचा एकही फोटो उरला नव्हता. जे होतं ते ढिगाऱ्यात गेलं. म्हणजे जिचा मला इतका मत्सर वाटत होता ती दिसायची कशी हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

जिवंत सवत परवडली असती, असं मला पुष्कळदा वाटायचं. ती जाड झाली असती, तिचे गुडघे दुखले असते, तिचं वरण कधी तरी करपलं असतं. ही बाई मात्र होती तेवढीच राहिली. सर तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत. नावसुद्धा घेतलं नाही. भांडायला तेवढीही जागा त्यांनी ठेवली नाही. आम्ही घर बांधलं तेव्हा प्रत्येक खोलीला बाहेर पडायला वेगळं दार असावं असा हट्ट त्यांनी धरला. कारागीर हसला, म्हणाला, सर, घर हाय का धर्मशाळा. मी पण हसले. पण घरात वावरताना, एका दारातून दुसऱ्या दारात जाताना, मला सारखं वाटायचं की ही दारं माझ्यासाठी नाहीत. ज्या बाईला दार सापडलं नाही, तिच्यासाठी ती ठेवली आहेत.

ऋतुजा आली ती अशाच एका आषाढात. सुमनचा धाकटा भाऊ बालाजी निलंग्याकडं शेती करतो, त्याची ही मुलगी. लातूरला एक वर्ष क्लास करून झाला होता, मेडिकलला मार्क कमी पडले होते. पुढं गेलेल्या मैत्रिणींच्या गावात पुन्हा तेच वर्ष काढायला तिला नको होतं. बालाजीनं सरांना फोन केला. सर लगेच हो म्हणाले. मला नंतर सांगितलं.

बालाजीनं ऑटोतून गादी काढली, सरांनी दुसरी बाजू धरली. पोरीनं तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला होता, आजकालच्या मुली गुंडाळतात तसा. पायरीवर उभी राहून तिनं तो सोडला, आणि सरांनी हातातली गादी खाली ठेवली. बालाजी कौतुकानं म्हणाला, "अगदी अक्काच हाय ना, भावजी? गावात समदे तेच म्हणून राहिलेत." मग माझ्याकडं बघून जरा वरमला आणि पोरीला म्हणाला, "या तुझ्या आत्याच. पाया पड."

मी तिला उठवलं आणि नीट पाहिलं. अरुंद कपाळ, जवळजवळ जुळलेल्या भुवया, पुढच्या दोन दातांत बारीक फट. कुणी बोलत असलं की मान एका बाजूला कलवून ऐकायची लकब. टाकावरच्या बाईशी तिचं काहीएक साम्य नव्हतं. इतक्या वर्षांनी सुमन माझ्या दारात उभी होती आणि तिला भूक लागली होती.

ते काही आठवडे मला अजून वासासकट आठवतात. जेवणाच्या टेबलावर सर तिला भौतिकशास्त्राची गणितं सोडवून दाखवत. मी स्वयंपाकघरात कापण्या तळत असे आणि तिकडून सरांच्या हसण्याचा आवाज येई. असं हसताना मी त्यांना शाळेच्या कार्यक्रमातही ऐकलं नव्हतं. ताटात भाजी टाकलेली सरांना मुळीच खपत नसे. आमचा मुलगा, जो आता पुण्याला नोकरीला आहे, त्यापायी लहानपणी किती रडला असेल. ऋतुजा कारलं सरळ ताटाच्या कडेला सारायची आणि सर खिडकीबाहेर बघायचे. संध्याकाळी कापण्यांची वाटी घेऊन ते स्वतः जिना चढून वर देऊन येत. गुडघा दुखतो म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालायला ते माझ्या मदतीला कधी आले नव्हते.

पोर वाईट असती तर बरं झालं असतं. ती माझ्या मागं मागं करायची. रविवारी माझ्या डोक्याला तेल लावताना म्हणाली, आत्या, तुमचे केस लई छान हायेत. तिची बोटं हलकी होती. मला झोप यायला लागली, आणि त्या झोपेचाही मला राग आला.

त्या दिवशी सकाळी मी दारात दुधाची पिशवी घेत होते. सर हॉलमध्ये पेपर वाचत होते. आमच्याकडं जमिनीतून आवाज येणं, हलकासा धक्का बसणं हे आता नवं राहिलेलं नाही. लोक बाहेर येतात, मोबाइलवर एकमेकांना विचारतात, परत आत जाऊन चहा पितात. त्या दिवशीचा धक्का मात्र मोठा होता. आधी रस्त्याखालून रोडरोलर जावा तसा आवाज आला, मग मांडणीवरची भांडी वाजू लागली, भिंतीवरचं घड्याळ एका अंगाला कललं. मी दारातूनच म्हणाले, सर, बाहेर या, आणि हात पुढं केला. सर उठले. माझ्याच दिशेनं आले. आमचा जिना दाराशेजारूनच वर जातो. माझ्या हाताजवळून ते वळले आणि जिना चढू लागले.

माझा हात तसाच राहिला.

मग मीही त्यांच्या मागं गेले. का गेले हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पायाखाली पायऱ्या हलत होत्या. वर सर दोन्ही मुठींनी ऋतुजाच्या खोलीचं दार बडवत होते आणि ओरडत होते, "उठ. उठ, उठ गं." पोर झोपली नव्हती. क्लासला जायचं म्हणून ती केव्हाच उठून आंघोळीला गेली होती, हे सरांनाही माहीत होतं. बंबाचं पाणी चालू असल्याचा आवाज खाली ऐकू येत होता. तिला कुणी उठ म्हणायची गरज नव्हती. ते उठ कुणाला होतं, हे जिन्यावर उभ्या उभ्या मला कळलं.

कडी निघाली. ओल्या केसांनी, उलटासुलटा ड्रेस अंगात घातलेली ऋतुजा दारात उभी होती. धक्क्यापेक्षा ती सरांनाच जास्त घाबरली होती. "मामा, काय झालं?" तिनं विचारलं. तोवर जमीन थांबली होती. सर तिच्याकडं बघत राहिले आणि मग हळूच वरच्या पायरीवर बसले. चेहरा घामानं भिजला होता, हात छातीवर. जिना पळत चढलो म्हणून होतंय, असं म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

दवाखान्यात ईसीजी काढल्याबरोबर धावपळ सुरू झाली. अटॅकची लक्षणं आहेत, रक्ताच्या तपासणीतही तेच येतंय, लगेच अँजिओग्राफी करावी लागेल, असं सांगून त्यांना आत नेलं. माझा भाऊ अर्धापूरहून आला. आम्ही बाहेर बसलो. ऋतुजा माझ्या खांद्याला टेकून रडत होती आणि माझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं म्हणत होती. मी तिला थोपटत होते. माझ्या मनात येत होतं की हो, तुझ्यामुळंच, पण तू म्हणतेस त्या अर्थानं नाही.

हृदयाच्या डॉक्टर वयानं लहान होत्या, देगलूरकडच्या. त्यांनी मला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या, कुठंच गुठळी नव्हती, अडथळा नव्हता. मग त्यांनी दुसरं चित्र लावलं. हृदयाचा डावा कप्पा. वरचा भाग नीट आवळत होता, खालचा मात्र फुगून तसाच थांबला होता. तोंड निमुळतं, पोट मोठं, एखाद्या मडक्यासारखं. जपानातले कोळी अशाच मडक्यात आठ पायांचा समुद्रातला प्राणी पकडतात, त्यावरूनच या आजाराला नाव पडलंय, त्या म्हणाल्या. एकाएकी मोठा ताण आला की ताणाची रसायनं शरीरात उसळतात आणि त्या माऱ्यानं हृदयाचा स्नायू बधिर होतो. "मेलेला नाही, बधिर झालाय," त्यांनी मला दोनदा सांगितलं. पहिले काही दिवस धोक्याचे असतात, पण बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

मग म्हणाल्या, पुरुषांत हे कमी दिसतं. बहुतेक पेशंट तुमच्या वयाच्या बायकाच असतात.

माझ्या वाट्याचं दुखणंसुद्धा सुमनच्या खात्यात गेलं होतं.

सर पुरुष असल्यानं डॉक्टरांनी चौकशी जास्तच कसून केली. ताप येऊन गेला का, श्वासाचा त्रास, डोक्याला मार, नवीन काही औषध? पोटाची सोनोग्राफी केली, स्नायूला सूज तर नाही ना हे पाहिलं, इको पुन्हा पुन्हा केला. एकेक कारण त्या बाजूला सारत होत्या. मी बघत होते. तीस वर्षं ज्या माणसाच्या काळजात काय आहे ते मला कळलं नव्हतं, त्या काळजापर्यंत ही कालची पोरगी मनगटातून एक नळी घालून पोचली होती. मला तिचासुद्धा हेवा वाटला.

माझा भाऊ म्हणाला, भूकंपानं घाबरले, दुसरं काय. डॉक्टर म्हणाल्या, धक्का तर सगळ्या नांदेडला बसला, मलाही बसला. यांच्याच बाबतीत वेगळं काय घडलं? तेव्हा मी सांगितलं. किल्लारी, सुमन, ऋतुजाचा चेहरा, दार बडवणं. माझ्या हाताचं तेवढं सांगितलं नाही. त्याचा रोगाशी संबंध नव्हता.

संध्याकाळी बालाजी आला. काचेतून सरांकडं बघून डोळे पुसत मला म्हणाला, "आमच्या अक्कापायी काळीज फुगलं बघा भावजींचं. आजकाल असं कोण करून राहिलंय." त्याच्या आवाजात दुःख होतं आणि अभिमानही होता. ती गोष्ट त्यानं बाकड्यावर बसलेल्यांना सांगितली, त्यांनी पुढं सांगितली. भेटायला येणाऱ्या बायका माझा हात हातात घेऊन म्हणायच्या, किती जीव असेल हो त्यांचा. कुणावर, ते कुणी म्हणत नव्हतं. मी मान हलवत होते आणि त्यांना चहा विचारत होते.

सर बोलण्याइतके सावरले तेव्हा डॉक्टरांनी माझ्यासमोर त्यांना विचारलं, की दुखणं नेमकं कधी सुरू झालं, जरा आठवून सांगा. सर गणित मांडावं तसं सावकाश म्हणाले, "जमीन हलत होती तेव्हा नाही. दार वाजवत होतो तेव्हाही नाही. दार उघडलं आणि ती समोर धडधाकट उभी दिसली, तेव्हा कळ आली."

डॉक्टरांनी मान डोलावली. भीतीनं होतं, दुःखानं होतं, भांडणानं होतं, त्या म्हणाल्या, कधी कधी आनंदानंही होतं. मी खाटेच्या पायाशी उभी होते. सरांच्या घरात मी नांदले, मुलाला जन्म दिला, त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात शेजारी बसले. तेव्हा त्यांच्या काळजाला साधी उचकीही लागली नव्हती.

बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. त्या चित्रात कळतं का, मी विचारलं, की कुणापायी झालं? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, स्नायू कसा हलतोय एवढंच मला दिसतं. बाकीचं तुम्हीच त्यांना विचारा.

विचारायला मी घरी येईपर्यंत थांबले. पाऊस उघडला होता, ऋतुजा क्लासला गेली होती. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"मी समोर होते," मी म्हणाले. "हात पुढं केला होता. दिसला नाही का?"

"दिसला."

"मग?"

"तू दाराशी होतीस. एक पाऊल टाकलं की बाहेर. तुझी मला काळजी वाटली नाही."

"मी बाहेर गेले नाही. तुमच्या मागं जिन्यावर होते."

हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला. जिन्यावर कशाला यायचं, जिना आधी कोसळतो, एवढंही कळत नाही का, असं ते शाळेतल्या आवाजात म्हणाले. मग तुम्ही का चढलात, मी विचारलं. त्यांनी चष्मा उशीवर ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते या घरात पहिल्यांदाच सांगितलं. लातूरहून गावात पोचायला त्यांना दुपार झाली होती. जिकडंतिकडं लोक ढिगाऱ्यात तोंड घालून आपापल्या माणसांना हाका मारत होते. सुमनला तोवर बाहेर काढून लिंबाखाली ठेवलं होतं. गणपतीला बहिणीकडं आलेला लहानगा बालाजी तिच्याजवळ बसला होता. "सगळे हाका मारत होते," सर म्हणाले. "मला हाक मारण्यापुरतंही काही उरलं नव्हतं."

मी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आणि हात फिरवतानाच मनात आलं की हे असं पळत जाणं, दार बडवणं, घसा फोडून उठ म्हणणं, सगळं त्यांनी तिच्यासाठी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. मला त्यातलं काय मिळालं? दाराशी होतीस. काळजी वाटली नाही. हे दोन शब्द मी कितीतरी दिवस उलटसुलट करून पाहिले. कधी ते चांगले वाटत, भरवशाचे. कधी भांडी घासताना एकदम टोचत.

गौरी-गणपतीच्या सुमारास आम्ही पुन्हा तपासणीला गेलो. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडं वळवला. हृदयाचं खालचं टोक वरच्यासारखंच मिटत होतं, उघडत होतं. आता कुणाला दाखवलं तर इथं काही झालं होतं हे सांगताही यायचं नाही, त्या म्हणाल्या. गोळ्या काही दिवस चालू ठेवा आणि माणसाला मनात कोंडून ठेवू देऊ नका. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच डोळे पुसले. बाहेर येताना सर माझा हात धरून चालत होते. माझ्यावर असलं काही गुदरलं असतं तर वण राहिला असता, असंही मला वाटून गेलं. यांचं काळीज फुगलं काय, मिटलं काय, सगळं साफ.

ऋतुजाचा पुढच्या वर्षी मेडिकलला नंबर लागला. आता ती लातूरला असते, सणाला येते, कारलं अजून खात नाही. वरच्या खोलीत यंदा दुसऱ्या दोघी आल्या आहेत, काल त्यांच्या गाद्या चढवल्या. सरांना मी जिना चढू देत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या तपासणीच्या दिवशीचं. घरी येऊन आम्ही ओट्यावर बसलो होतो. समोरून पोरांची सायकलींवरून ये-जा चालली होती. सर अचानक म्हणाले, "ती त्या दिवशी माझ्याशी बोलत नव्हती."

कोण, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"सुमन. मी विसर्जनाला लातूरला राहणार म्हटल्यावर रुसली. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. बाई लातूरच्याच होत्या. तसं काहीएक नव्हतं. पण मी कुणाशी दोन शब्द जास्त बोललो की हिचं डोकं फिरायचं. भाकरी अशी आपटायची की परात वाजायची. डबा दिला नाही. जा तिकडंच जेवा, म्हणाली. तेच शेवटचं."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दुखण्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"तुझ्यासारखीच होती," ते म्हणाले.

या घरातली दारं तिची, सरांचा अबोला तिचा, ते दुखणंसुद्धा तिचं. एक मत्सर तेवढा माझा स्वतःचा आहे अशी माझी समजूत होती. तिथंही ती माझ्या आधी येऊन गेली होती. मला राग यायला हवा होता. पण डोळ्यांपुढं ती जुळलेल्या भुवयांची पोरगी आली, परातीत भाकरी आपटणारी, दाराकडं न बघणारी, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की त्या दिवशी मी तिथं असते तर तिची बाजू घेतली असती.

मी पदर सावरून सरांकडं वळले.

"त्या लातूरच्या बाई," मी विचारलं, "दिसायला कशा होत्या?"